पोस्टिंग आली की फौजी घरात होणाऱ्या या चुका टाळा

पोस्टिंगची, म्हणजे बदलीची, खबर कानावर आली की छावणीत नव्याने नांदायला आलेल्या मुली आधी बाजार गाठतात. नायलॉनची दोरी, गोणपाट, कुलपं, चिकटपट्टी. दोन दिवसांत निम्मी भांडी ट्रंकेत जातात आणि मग मुलांना जेवायला ताटं शेजारून मागून आणावी लागतात. मी विचारते, "अगं, कागद बघितलेस का?" उत्तर ठरलेलं असतं, "ते हे बघतील, काकू." आणि 'हे' त्या आठवड्यात चार्ज देण्यात आणि क्लिअरन्सच्या सह्या गोळा करण्यात अडकलेले असतात. घरचे कागद बघायला त्यांना वेळ कुठला?

आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर कधी पीस, म्हणजे कुटुंबासह राहता येणारी छावणी, कधी फील्ड, म्हणजे कुटुंबाविना सीमेकडची पोस्टिंग, असं चालू राहिलं, आणि प्रत्येक छावणीत मी त्याच त्या चुका होताना पाहिल्या. सामान शेवटच्या चार दिवसांतही बांधून होतं. कागद राहिला तर पोराचं अख्खं वर्ष जातं.

पार्ट टू ऑर्डर झाली आहे असं गृहीत धरणं

मला सगळ्यात जास्त छळणारी चूक ही. लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद युनिटमधून पार्ट टू ऑर्डरने रेकॉर्ड ऑफिसला जावी लागते. जवान मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकीला. तिथे नोंद नसेल तर कुटुंबाचं ओळखपत्र, म्हणजे डिपेंडंट कार्ड अडतं, केंद्रीय विद्यालयाचा फॉर्म अडतो, प्रवासभत्त्यात त्या माणसाचं भाडं कापलं जातं. जुन्या ठिकाणी ओळखीवर निभावून गेलेलं असतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. नव्या ठिकाणी तुम्हाला ओळखणारं कुणी नसतं, तिथे कागदच बोलतो.

आपल्या मराठी घरांत ही गडबड होण्याची कारणं अगदी घरगुती आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी. जन्माची नोंद माहेरच्या गावात, आईच्या आधार कार्डावरून, आणि आधारवर अजून वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. युनिटमध्ये लग्नाची नोंद मात्र सासरच्या नावाने झालेली. काही घरांत तर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मुलीचं नवं नाव लिहितात आणि तेच पुढे घरात चालतं. मग एका कागदावर एक बाई, दुसऱ्यावर दुसरी. त्यात इंग्रजी स्पेलिंग. 'पूजा' एका ठिकाणी दोन ओ घालून, दुसरीकडे यू घालून. आपल्याला यात काही वाटत नाही, पण खिडकीपलीकडच्या माणसाला ही दोन वेगळी नावं दिसतात, आणि त्याचं चुकतही नाही.

पंजाबातल्या एका छावणीत आमच्या ब्लॉकमध्ये सांगलीकडची एक मुलगी आली. नवरा नाईक, अरुणाचलातलं फील्ड संपवून युनिटबरोबर आलेला. मुलगा दुसरीत घालायचा होता, तोवर आजोळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. बाळ झालं तेव्हा बाप चौकीवर, रजा मिळाली तेव्हा बारसं, देवदर्शन, पाहुणे. जन्माचा दाखला आजीच्या कपाटात साड्यांखाली राहिला. शाळेने युनिटचं सर्टिफिकेट मागितलं. केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात मागच्या सात वर्षांतल्या बदल्या मोजतात, त्या त्यावर लिहून, सही-शिक्क्यानिशी द्याव्या लागतात. क्लार्कने शीट रोल, म्हणजे जवानाच्या नोकरीची आणि कुटुंबाची नोंद असलेला कागद, उघडला तर त्यात मुलगाच नाही. गावाहून दाखला मागवला, तर आईचं नाव माहेरचं आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, आणि नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही.

ती पोर मुलाला घेऊन परत गावी गेली. नगरपालिका, प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, साहेब रजेवर म्हणून पुन्हा एक खेप. सगळं दुरुस्त करून आली तोवर वर्गातल्या जागा भरल्या होत्या. मुलाने ते वर्ष बाजारातल्या एका खाजगी शाळेत काढलं, नाईकाच्या पगारातून तिथली फी भरून. माझ्याकडे बसून ती रडायची आणि म्हणायची, "काकू, एवढासा तर कागद." मला तिचा राग कधी आला नाही. राग येतो तो "होऊन जाईल हो" म्हणणाऱ्या मोठ्या माणसांचा. लग्नात शंभर गोष्टी समजावून सांगणाऱ्या घरात एकाने तरी तिला हे सांगायला हवं होतं.

माझी सवय सांगते. पोस्टिंगची नुसती कुणकुण लागली तरी मी ह्यांना ऑफिसात पाठवायची आणि रेकॉर्डवर घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख कशी लिहिली आहे ते जसंच्या तसं, स्पेलिंगसकट, वहीत उतरवून आणायला लावायची. मग आधार, जन्मदाखले, विवाह नोंदणीचा दाखला, बँकेचं पासबुक समोर मांडून एकेक अक्षर ताडायचं. जिथे फरक तिथे लाल खूण, आणि गावी जाणं होईल तेव्हा पहिलं काम तेच. अस्सल कागदांची फाइल ट्रंकेत कधी घालायची नाही. ती माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, आणि रेल्वेत पिशवी उशाखाली. मोबाइलमध्ये फोटो ठेवा, जरूर ठेवा, पण फोटोवर प्रवेश होत नाहीत.

क्वार्टर मिळण्याआधीच सगळं घर घेऊन निघणं

नवी लग्नं झालेली जोडपी यात हमखास फसतात. पोस्टिंग पीस स्टेशनला आली, एकत्र राहायला मिळणार, मग थांबायचं कशाला? मन समजतं मला. पण फॅमिली क्वार्टरची यादी असते आणि नाव त्यात नवीन जागी हजर झाल्यावर लागतं. त्याआधी पोचलात तर एक खोली बाहेर भाड्याने, सामान कुणाच्या तरी व्हरांड्यात, आणि घरमालक फौजी म्हटल्यावर भाडं वाढवून सांगणारा.

त्याला एकट्याला पुढे जाऊ द्या. हजर झाल्या झाल्या यादीत नाव, शाळेत चौकशी, पाणी-विजेची स्थिती, एवढं त्याने बघावं. कुटुंबाने सहा महिन्यांच्या आत मागून गेलं तरी प्रवासखर्च मिळतो, म्हणून भाड्याच्या लोभाने एकाच गाडीने निघायची गरज नाही. फील्ड पोस्टिंग असेल तर उलट घाई करा: आहे ते क्वार्टर ठेवता येतं का, की दुसऱ्या स्टेशनला फील्डवाल्यांच्या कुटुंबांसाठीचं वेगळं क्वार्टर, म्हणजे एसएफए मागायचं, हा अर्ज तो निघण्याआधीच गेला पाहिजे. तो वर चौकीवर गेल्यावर सहीसाठी त्याला खाली बोलावता येत नाही.

जुनं क्वार्टर सोडताना एमईएसच्या, म्हणजे फौजेच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याच्या, माणसाबरोबर स्वतः फिरा. पंखे, ट्यूब, काचा, कड्या, फर्निचर मोजून घ्या, मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, कागदावर सही घ्या. हे न करता किल्ली शेजारणीकडे देऊन गेलेल्यांच्या पगारातून पुढे बॅरक डॅमेज, म्हणजे क्वार्टरच्या मोडतोडीची भरपाई, कापलं जातं आणि मग फोनवर भांडत बसतात. नवीन क्वार्टर घेतानाही तेच. फुटलेली काच पहिल्याच दिवशी लिहून घ्या, नाहीतर ती तुम्हीच फोडलेली ठरते.

स्वस्तातला ट्रक

पुण्याहून आसामला निघालेल्या एका हवालदाराच्या घरची गोष्ट. मोबाइलवर शोधून कुणीतरी पॅकर्स सापडले, बाकीच्यांपेक्षा खूप कमी दर. पोरं आली, गोड बोलली, सामान भरलं, निम्म्याहून जास्त पैसे आधीच घेतले. ट्रक पूर्ण तुमचाच, असा शब्द. प्रत्यक्षात कुठल्याशा गोदामात सामान उतरलं आणि दुसऱ्या ट्रकमध्ये इतर घरांच्या सामानाबरोबर चढलं. फोन करावा तर ड्रायव्हरचा नंबर बंद. ही बाई दोन लेकरांना घेऊन रिकाम्या क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांच्या चटयांवर झोपत होती. शेवटी ट्रक आला तो छावणीच्या गेटबाहेर थांबला आणि आणखी पैसे दिल्याशिवाय सामान उतरवणार नाही म्हणाला. दिले. काय करणार? कपाटाचं दार वाकलेलं, एक ट्रंक गायब. आणि पक्कं बिल नाही, बिल्टी (माल पाठवल्याची ट्रकवाल्याची रीतसर पावती) नाही, नुसती वहीच्या पानावरची पावती. सरकारकडून खर्च परत मागायच्या क्लेमला ती चालली नाही. वाचवायला गेले थोडे आणि घालवले सगळे.

सामान नेण्याचा हक्क पगाराच्या लेव्हलप्रमाणे असतो: शिपाई, लान्सनाईक आणि नाईक यांना १५०० किलो, हवालदाराला ३००० किलो, नायब सुभेदारापासून वर ६००० किलो. त्याशिवाय मूळ पगाराच्या ८० टक्के ट्रान्सफर ग्रँट मिळते, आणि निघण्याआधी ॲडव्हान्सही उचलता येतो. सरकार पैसे देत असताना फसव्या माणसाच्या दाराशी जायचं कारण काय? युनिटमधून त्याच दिशेने आधी गेलेल्या घराला विचारा, त्यांनी कुणाचा ट्रक केला होता. त्याच बाजूला निघालेलं दुसरं घर असेल तर दोघांत एक ट्रक करा. मी तर कायम तसंच केलं. बिल्टीवर ट्रकचा नंबर, वजन आणि दोन्ही ठिकाणांची नावं लिहिली गेल्याशिवाय ट्रक हलू द्यायचा नाही. मोठी रक्कम सामान उतरल्यावरच.

प्रत्येक ट्रंकेवर नाव, नंबर आणि युनिट पांढऱ्या रंगाने लिहिलेलं असतंच. मी त्याखाली आमचा घरचा अनुक्रमांक टाकायची आणि वहीत कुठल्या ट्रंकेत काय ते लिहायची. एक नंबरची ट्रंक सगळ्यात शेवटी चढायची आणि सगळ्यात आधी उतरायची: स्टोव्ह, कुकर, तवा, डाळ-तांदूळ, चार ताटं, अंथरूण, बल्ब, पाना-पक्कड. आणि कृपा करून सोफे घेऊ नका. खाटा, टेबल, खुर्च्या एमईएसकडून मिळतात. प्लायवूडचं कपाट दुसऱ्या पोस्टिंगला उभं राहत नाही.

शाळेचं वर्ष न बघणं

गावाकडच्या शाळा जूनमध्ये उघडतात, छावणीतल्या सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये. जून-जुलैत पोचलेलं पोर पहिल्या दिवसापासून मागे असतं, वर सगळं हिंदी-इंग्रजीत. शक्य असेल तर मार्चअखेर हलवा. शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीतही मागून घ्या, राज्याबाहेर जात असाल तर त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या, आणि जुन्या शाळेने सरकारच्या यूडायस या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवरून मुलाचं नाव सोडलं आहे ना, हे मुख्याध्यापकांना विचारूनच निघा. दहावी आणि बारावीत मुलाला हलवायला माझा साफ विरोध आहे. सीबीएसईची नोंदणी नववी आणि अकरावीतच होते. बदलीच्या कारणावरून मधे प्रवेश मिळतोही, पण त्या वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्यावर उपटून नेणं बरं नाही. ते एक वर्ष नवऱ्याशिवाय काढा.

गाडी तशीच नेणं

महाराष्ट्राच्या नंबरची मोटारसायकल दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे नव्याने नोंदवावी लागते, आणि त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी लागते. ती इथे असतानाच घ्या. नवी गाडी घेणार असाल तर बीएच सिरीजची, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणाऱ्या नंबरची घ्या. सप्टेंबर २०२१ पासून फौजींना ती मिळते, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, आणि पोस्टिंगबरोबर नंबर बदलायची कटकट नाही. रेल्वेने दुचाकी पाठवताना टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा, आरसे आणि दिवे गोणपाटात बांधा, आरसीची प्रत जवळ ठेवा.

आणखी काही, थोडक्यात

गॅसचा सिलिंडर कुणाला विकून किंवा वाटून जाऊ नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, नव्या गावात त्यावरच कनेक्शन मिळतं.

जम्मू-काश्मीर किंवा लडाखला जाताय तर बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या, नाहीतर स्टेशनवर उतरल्यावर घरच्यांना पोचल्याचं कळवता येणार नाही.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा पुसा, आणि नव्या जागी पोचल्यावर काही तास उभा ठेवूनच लावा.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. फौजेचं रेल्वे प्रवासाचं वॉरंट हातात आहे म्हणजे बर्थ मिळाली असं होत नाही. झेलमसारख्या गाडीत सुट्टीच्या दिवसांत लेकरांना घेऊन वेटिंगवर प्रवास केलेल्यांना विचारा.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर "चलो जम्मू" लिहून ट्रंकांचे फोटो टाकणं ताबडतोब बंद करा. युनिट कधी हलतंय, कुठल्या गाडीने, किती घरं, हे सगळं त्या एका फोटोत दिसतं. ट्रंकेवर पांढऱ्या अक्षरात सगळं लिहिलेलंच असतं. २०२० साली फौजेने ८९ ॲप काढून टाकायला लावली ती उगाच नाही. याबाबत मला कुणी जुन्या वळणाची म्हटलं तरी चालेल.

पोचल्यावर चहा-पाणी, सामान लावणं, शेजारच्या ओळखी यात दिवस भराभर जातात, आणि क्लेमची मुदत प्रवास संपल्यापासून ६० दिवसांची आहे. तिकिटं, बिल्टी, ट्रकचं बिल, मूव्हमेंट ऑर्डरची प्रत हे सगळं मी वाटेतच एका लिफाफ्यात घालत जायची आणि पहिल्याच आठवड्यात ह्यांच्या हातात द्यायची. क्लेम जमा झाल्याची पावती आल्यावर ती त्याच फाइलमध्ये, जन्मदाखल्यांच्या मागे.