कृतज्ञतेची वही चार दिवसांत बंद पडते? या चुका टाळा

साध्यासुध्या गोष्टींतला आनंद टिपायचा म्हणून पुष्कळजण हौसेने वही घेतात. पहिल्या रात्री लिहितात, 'घर, आरोग्य, कुटुंब'. दुसऱ्या रात्रीही तेच. मग कंटाळा येतो आणि वाटतं, हे आपल्या स्वभावातच नाही. मला ते पटत नाही. बहुतेक वेळा दोष स्वभावाचा नसतो, लिहिण्याच्या पद्धतीचा असतो.

मोघम लिहिणं. ही सगळ्यात मोठी चूक. 'कुटुंब' एवढंच लिहिलं की मनात काहीच हलत नाही, कारण त्यात ना प्रसंग असतो ना माणूस. त्याऐवजी लिहा: 'मला यायला उशीर होणार म्हणून बहिणीने जिन्यातला दिवा चालू ठेवला.' आणि तिथेच थांबू नका. हे का घडलं, तेही लिहा. मला अंधारात पायऱ्या दिसत नाहीत, हे तिच्या लक्षात होतं. या 'का'मुळे छोटी गोष्ट एकदम जवळची होते. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीचं कारणही लिहिलं. त्यांच्या आनंदात पडलेला फरक सहा महिन्यांनीही दिसत होता, आणि ज्यांनी पुढेही आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात तो जास्त होता. एकच गोष्ट सुचली तर एकच लिहा, पण पुरती लिहा.

रतीब घालणं. रोज लिहिलंच पाहिजे असा नेम केला की हळूहळू नुसती खानापूर्ती होते. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचा आनंद वाढला, तीनदा लिहिणाऱ्यांचा वाढला नाही. म्हणून सुरुवातीला नजर तयार होण्यापुरतं आठवडाभर रोज लिहावं, पुढे आठवड्यातून एकदा निवांत बसावं, असं मी सुचवेन. अर्थात रोज लिहून ज्यांना खरंच बरं वाटतं, त्यांनी खुशाल लिहावं.

'यात काय विशेष?' म्हणणं. चांगल्या गोष्टीची मनाला लवकर सवय होते. मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांनी १९७१ मध्येच हे मांडलं होतं. नळाला पाणी येतं, गुडघे न दुखता वाकतात, शांत झोप लागते, पण यातलं काही जाणवतच नाही. अशा वेळी 'मी भाग्यवान आहे' असं घोकून उपयोग होत नाही. उलट्या बाजूने विचार करून बघा: हे माझ्या वाट्याला आलंच नसतं तर? जिवलग मित्राच्या पहिल्या भेटीचंच उदाहरण घ्या. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्याच बाकावर बसला असता, तर ओळख झालीच नसती. २००८ च्या एका संशोधनात असं आढळलं, की चांगली घटना कशी घडली हे आठवण्यापेक्षा ती कशी घडलीच नसती याचा विचार केल्याने लोकांना जास्त बरं वाटलं. ज्याला हे जमतं, त्याला नवं काही शोधत हिंडावं लागत नाही.

दुःखावर पांघरूण घालणं. दिवस वाईट गेला असेल तर आधी तसं लिहा. कुणी गेलं असेल, नोकरी सुटली असेल, तर 'तरीही किती छान' असं स्वतःवर लादू नका. दुसऱ्याला मात्र असं कधीच सांगू नका. आणि मन आठवड्यानुआठवडे कशातच रमत नसेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

आभार मनातच ठेवणं. 'त्यांना ठाऊकच आहे', 'उगाच अवघडल्यासारखं होईल' असं म्हणत आपण बोलायचं टाळतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये कृतज्ञतेची पत्रं लिहिणाऱ्यांचा आणि ती मिळालेल्यांचा अभ्यास केला. समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज जास्तीचा निघाला, आणि त्याला किती आनंद होईल याचा अंदाज कमी पडला. भाषा सुंदर नसली तरी चालेल. वाचणाऱ्याचं लक्ष तुमच्या शब्दांपेक्षा जिव्हाळ्याकडे असतं. त्यांनी नेमकं काय केलं आणि त्यामुळे तुमचं काय सोपं झालं, एवढी दोन वाक्यं लिहा आणि आजच पाठवा. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी पाठवा.