लाल मिरची घेताना बुरशी कशी ओळखाल

वर्षाचं तिखट करायला बेडगी, संकेश्वरी घेताना गोणीच्या वरची मिरची पाहू नका. तळातली मूठभर काढायला लावा. दाबल्यावर कडकन मोडली तर कोरडी. नुसती वाकली तर ओल आहे. मिरची तुटू नये, वजन भरावं म्हणून पाणी मारलेलं असू शकतं. चार-पाच मिरच्या उभ्या फाडा. बियांभोवती राखाडी-हिरवट जाळी दिसली तर ढीगच सोडा. सालीवर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, फसगत होते ती इथेच.

अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे काही बुरशींतून तयार होणारं विष भाजल्याने, उन्हाने पूर्ण जात नाही. बुरशी पुसलेली मिरचीही नकोच. स्वस्त तयार पूड तर अशी फाडून तपासताच येत नाही.

घरी कडक वाळवा, देठ खुडा, गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरली की झाकणाला घाम सुटतो.