प्रबोधनकालीन चित्रे-शिल्पे ओळखताना या चुका टाळा

प्रबोधनकालीन, म्हणजे युरोपातील साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकांतील (रेनेसान्स) कलाकृती ओळखायला सांगितली की बहुतेक जण आधी विषय पाहतात आणि तिथेच फसतात. मेरी, ख्रिस्त किंवा संत दिसले की कृती मध्ययुगीन आणि रोमन देवता व्हीनस दिसली की प्रबोधनकालीन, अशी सोयीची वाटणी केली जाते. प्रत्यक्षात त्या काळच्या इटलीतील चित्रकारांची बरीचशी कामे चर्चसाठीच झाली. विषयापेक्षा मांडणी पाहावी. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये मसाच्चोने १४२७ च्या सुमारास पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) रंगवले. त्या सपाट भिंतीत कमानदार छताची खोली खरोखर कोरलेली असावी असा भास होतो, कारण छताच्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी, म्हणजे समोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या नजरेच्या साधारण उंचीवर, एका बिंदूत मिळतात. आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. खाली गुडघे टेकून बसलेले देणगीदार स्त्री-पुरुष मेरीच्याच मापाचे आहेत. मध्ययुगीन चित्रांत असे देणगीदार बहुधा बाहुल्यांएवढे काढले जात, कारण तेथे आकार अंतरावर नव्हे, तर मान-दर्जावर ठरत असे.

मात्र यथादर्शन (रेषा एका बिंदूत मिळवून सपाट चित्रात खोली दाखवण्याची ही पद्धत) म्हणजेच प्रबोधनकाल, असे समीकरण मांडणे ही दुसरी चूक होय. यान व्हॅन आइकच्या १४३४ मधील आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात खोलीच्या रेषा एका बिंदूत मिळत नाहीत. फ्लॉरेन्सचा नियम लावला तर ते सदोष ठरेल. पण पितळी झुंबरावरची चकाकी, कपड्यांच्या कडांची फर आणि मागच्या बहिर्गोल आरशातील प्रतिबिंब पाहिले की व्हॅन आइकसारख्या उत्तर युरोपातील चित्रकारांनी वास्तव वेगळ्या वाटेने, तैलरंगाच्या पातळ थरांतून आणि प्रकाशाच्या निरीक्षणातून गाठले, हे ध्यानात येते.

‘भित्तिचित्र’ या आपल्या शब्दामुळे होणारा घोटाळाही टाळायला हवा, कारण भिंतीवरचे प्रत्येक चित्र फ्रेस्को नसते. फ्रेस्कोमध्ये ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावतात आणि गिलावा वाळताना ते त्यातच पक्के होतात. मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलचे छत १५०८ ते १५१२ या काळात असेच रंगवले. लिओनार्दोचे मिलानमधील ‘अखेरचे भोजन’ हेही भिंतीवर असले तरी खरे फ्रेस्को नाही. सावकाश काम करता यावे आणि पुन्हा पुन्हा हात फिरवता यावा म्हणून त्याने कोरड्या पृष्ठभागावर रंगवले आणि त्याच्या हयातीतच रंगाचे पापुद्रे निघू लागले. (अजिंठ्याची चित्रेही कोरड्या गिलाव्यावरची आहेत, तरी त्यांना सर्रास फ्रेस्को म्हटले जाते.)

शिल्पांच्या बाबतीत ‘हुबेहूब’ हा शब्द जपून वापरावा. मायकेलअँजेलोचा १५०१ ते १५०४ दरम्यान घडवलेला, पाच मीटरांहून उंच डेव्हिड (गोफणीने राक्षसी गोलियाथला मारणारा बायबलमधील वीर) शरीरशास्त्राच्या अभ्यासाशिवाय शक्य नव्हता, तरीही त्याचे डोके आणि उजवा हात प्रमाणापेक्षा मोठे आहेत. मूर्ती मुळात फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर (मुख्य चर्चवर) उंच जागी बसवायची होती, हे त्याचे एक कारण मानले जाते. त्यापेक्षा त्याची उभे राहण्याची पद्धत पाहावी. सारा भार उजव्या पायावर, डावा पाय सैल, त्यामुळे कंबर एका बाजूला आणि खांदे उलट बाजूला कललेले. ही ठेवण ग्रीक-रोमन शिल्पांतून आली. शुभ्र संगमरवराची ओढही तिथलीच, पण ती गैरसमजातून, कारण प्राचीन मूर्ती रंगवलेल्या असत आणि उत्खननात सापडेपर्यंत त्यांचा रंग बहुतेक उडालेला असे.

शेवटची चूक काळाची. ठळक छायाप्रकाश दिसला की काराव्हाज्जोला आणि संगमरवरी डेव्हिड दिसला की बर्निनीलाही प्रबोधनकाळात बसवले जाते. दोघेही प्रबोधनकाळानंतरच्या बरोक शैलीचे. रोमच्या बोर्गेसे संग्रहातील बर्निनीचा १६२३-२४ मधील डेव्हिड ओठ आवळून, अंग पिळून गोफण फिरवतो आहे आणि त्याचा आवेग समजण्यासाठी पाहणाऱ्याला त्याच्याभोवती फिरावे लागते. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची गोफण अजून खांद्यावरच आहे.