भिशीच्या बायका आणि अकरा किलो भाजी

भाज्या-फळं जास्त खायची ठरवली असतील तर पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. फक्त घरात येणारी पिशवी काट्यावर ठेवा आणि वजन कॅलेंडरवर लिहा. बटाटा, रताळं आणि आपल्या इंदूरचा लाडका गराडू यात धरायचा नाही. ती कंदमुळं पिठूळ असतात, जागतिक आरोग्य संघटनाही भाज्यांच्या हिशेबात त्यांना घेत नाही.

आता हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिच्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. म्हणजे चौघांच्या घराला आठवड्याला अकरा किलोच्या वर भाजी आणि जवळपास तीन किलो फळं. आमच्या भिशीत हा आकडा वाचून दाखवला तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, एवढी तर लग्नघरात लागते." मग एकेकीच्या पिशव्या मोजल्या. कुणाचंच घर त्याच्या निम्म्यापुढे गेलं नाही, आणि त्यात माझंही होतं. मी भंवरकुव्याला शिकायला राहणाऱ्या मुलांना डबे पुरवते, दिवसभर भाजीतच हात असतो माझा! पण डब्यातली भाजी वेगळी आणि घरच्या चौघांच्या पोटात जाणारी वेगळी.

हे एकटीनं होत नाही, याबद्दल मला शंका नाही. बाई स्वतःसाठी काकडी चिरत बसत नाही, आणि सकाळी चालायला जायचं तर दूधवाला, मुलांची बस, सासूबाईंचा चहा सगळं आडवं येतं. भिशीला मात्र कुणी चुकत नाही. पैसे भरलेले असतात, चिठ्ठी निघायची असते, आणि न गेलं तर आपल्याविषयी बोलणं होईल ही धास्तीही असते. म्हणून नवा गट काढू नका. जिथे बायका आधीपासून नेमानं जातात, म्हणजे भिशी, भजनी मंडळ किंवा हळदीकुंकवाचा गोतावळा, त्याच्याच मानेवर हे जू ठेवा. दहा-बारा जणी पुरेत. वीस झाल्या की दोन तट पडतात.

गटानं पहिलं काम करायचं ते खरेदीचं. रविवारी सकाळी दोन घरांनी चोइथराम मंडीत जायचं, आळीपाळीनं. तिथे गल्लीतल्या ठेल्यापेक्षा भाव बराच उतरतो, पण माल धडीनं घ्यावा लागतो, म्हणजे पाच-पाच किलो. एकटीनं पाच किलो गिलकी, म्हणजे घोसाळी, घेऊन करायचं काय? बारा घरांत ती पुरत नाही. आदल्या रात्री प्रत्येकीनं आपली यादी पाठवायची, त्यात एक पालेभाजी, एक फळभाजी, एक कच्ची खायची वस्तू आणि एक फळ असलंच पाहिजे. वाटणी एखादीच्या ओट्यावर काट्यानं करायची, अंदाजानं नाही. भावाभावांत भांडणं लागतात ती अंदाजानंच. गाडी चालवायचं काम नवऱ्यांना द्या. आमच्याकडे हे लोक आधी कुरकुरले, आता भेंडी मोडून बघतात आणि घासाघीस करून आल्याचं घरी येऊन सांगतात.

मंडीतून आलेली मेथी-पालक धुवून ठेवू नका. निवडायची, ओली असेल तर पंख्याखाली पसरायची, सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये टाकायची आणि धुवायची ती चिरायच्या आधी. निवडण्याचं काम मात्र एकत्र करा. पालेभाजी घरात येत नाही ती चवीमुळे नाही, निवडायच्या कंटाळ्यामुळे. चार जणी बसून गप्पा मारताना तीन-चार जुड्या कधी संपतात ते कळतही नाही.

आता ताट. आपल्या पद्धतीत कोशिंबीर डावीकडे वाढतात, मीठ-लिंबू-चटणीच्या शेजारी, चवीपुरती. भाजी उजवीकडे. आम्ही ठरवलं ते इतकंच, की कोशिंबीर उजवीकडे येईल आणि वाटीनं वाढली जाईल. जेवणात एक वाटी शिजवलेली भाजी आणि एक वाटी कच्ची, दोन्ही वेळेला. दोन वेळच्या या चार वाट्यांत दिवसाचे ४०० ग्रॅम साधारण बसतात; पटत नसेल तर आपली वाटी एकदा काट्यावर ठेवून बघा. माझी मोठी निघाली, जाऊबाईंची देवळातल्या तीर्थाच्या वाटीएवढी.

रोज तीच काकडी-टोमॅटो दिली तर आठव्या दिवशी घरात बंड होतं. कोबीची पचडी लिंबू आणि हिरव्या मिरचीवर, गाजर किसून वर मोहरीची फोडणी, मुळ्याच्या किसात भिजवलेली मूगडाळ, बिटाला दही, आणि खमंग काकडी तर आहेच. मीठ आणि दाण्याचं कूट पान वाढायच्या वेळी घाला, आधी घातलं तर सगळं पाण्यात पोहतं. शिजवलेल्या भाजीत सगळ्यात सोपी युक्ती डाळीची: तुरीच्या वरणात दुधी, आमटीत मुळ्याचा पाला, गिलक्यात चण्याची डाळ, ताकात चाकवत. इकडे चाकवताला बथुआ म्हणून मागा, थंडीत ढिगानं मिळतो. माझ्या डब्यातली मुलं आलू तेवढा खाऊन बाकीची भाजी परत पाठवत असत, पण तोच पालक डाळीत गेला की डबा चाटून येतो. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यातल्या 'क' जीवनसत्त्वानं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो उलटं काम करतो.

पोह्यांचं काय, हा प्रश्न इंदुरात पहिला येतो. पोहे सोडा असं सांगणारा माणूस इथे टिकणार नाही, आणि मीही सांगत नाही. घरी केलेत तर एक वाटी पोह्यांना एक वाटी भाजी: थंडीत मटार, बाकी वेळी कोबी, गाजर, सिमला मिरची. जीरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, हवं तेवढं घाला असं म्हणणार होते, पण त्यातही मीठ असतं, तेव्हा चिमटीभरच. शेवेचा डबा मात्र टेबलावरून उचला. आपल्याकडे शेव पोह्यांवर, डाळीवर, दह्यावर, काही घरांत शेवेचीच भाजी, आणि मग वर म्हणतात भाजी झाली की! शेव खायची तर बाहेर, पोह्यांच्या ठेल्यावर, रविवारी. जिलबीही तेव्हाच.

उपवासाच्या दिवशी तर आपण स्वतःलाच फसवतो. एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा हा जवळजवळ नुसता स्टार्च, त्यावर बटाटा, वर तळलेला चिवडा. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतली साबुदाण्याची खिचडी मलाही आवडते, पण तिला उपवास म्हणू नये. आमच्या भिशीत चतुर्थी-एकादशीला दुपारी फळं, आणि संध्याकाळी राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, दुधीची उपासाची भाजी असं ठरलं आहे. ज्यांना खिचडी हवी त्यांनी अर्धी वाटी घ्यावी, कुणी डोळे वटारत नाही.

फळांचं फार काही सांगायचं नाही. रस काढू नका, चावून खा. महागड्या सफरचंदामागे धावू नका: थंडीत जाम म्हणजे पेरू, नंतर संत्री, उन्हाळ्यात टरबूज-खरबूज, बारा महिने पपई आणि बऱ्हाणपूरकडची केळी. फळ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गेलं की विसरलं जातं, ते ताटलीत जेवणाच्या टेबलावर ठेवा, जिथे आधी शेवेचा डबा होता.

व्यायामासाठी गटाच्या जोड्या पाडा. मैत्रिणींच्या नको, घराजवळच्या. मैत्रीण तीन गल्ल्या पलीकडे राहत असेल तर ती हाक मारायला येणार नाही, शेजारीण येईल. सहा वाजता दारात उभं राहून फक्त "खाली ये" म्हणायचं. फोन नको, फोन बंद करता येतो. जागाही जवळची निवडा. मेघदूत किंवा पिपल्यापाल्याचं रीजनल पार्क सुंदर आहे, पण तिथे जायला गाडी काढावी लागते आणि गाडी काढायचा कंटाळा येतो. गल्लीतल्या बगीच्याच्या फेऱ्या पुरतात.

जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराच्या हालचालीचं आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास ही खालची मर्यादा. जोर मध्यम आहे का, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आमच्यातल्या भजनी मंडळाच्या काकू चालताना अभंग पूर्ण म्हणत होत्या, तेव्हा त्यांना वेग वाढवायला सांगितलं! शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम हवं: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून दंड, टाचा उचलणं. पासष्टीपुढच्या बायकांनी तोल सांभाळायचे व्यायामही तीन दिवस करावेत. ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहिलं तरी चालतं, तोवर कुकरची शिट्टी होते.

पावसाळ्यात बगीचा चिखलाचा होतो आणि गट तिथेच मोडतो. त्यावर आपल्याकडे श्रावण आहे. मंगळागौरीचे खेळ एखादीच्या हॉलमध्ये अर्धा तास खेळा: झिम्मा, फुगडी, पिंगा, लाट्या बाई लाट्या. कुणाला दम लागत नाही असं झालेलं मी पाहिलेलं नाही. गुडघे दुखत असतील तर बसफुगडी सोडा, झिम्म्यावर भागवा.

गटाचे नियम थोडे ठेवा. वजनाचा विषय काढायचा नाही, कुणाचंही. दंड ठेवायचा नाही, कारण दंड भरला की बाई मोकळी होते आणि दुसऱ्या दिवशीही येत नाही. त्याऐवजी जी आली नाही तिला संध्याकाळी एकच फोन, जोडीदारणीचा, आणि प्रश्न एकच: "बरी आहेस ना?" व्हॉट्सॲपवर वाढलेल्या ताटाचा फोटो नको, लोक सजवतात, चिरलेल्या भाजीच्या परातीचा टाका, शिजवायच्या आधी. आणि ज्या घरी भिशी असेल तिथे कचोरी ठेवायची तर ठेवा, पण दोन भाज्यांचे पदार्थ हवेत आणि त्यातला एक कच्चा.

काही जणींनी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे काही फळं-भाज्या मोजून खाव्या लागतात. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेत असाल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि ते डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी चालायचं की नाही ते ठरवून घ्या आणि पदराला साखरेची पुडी ठेवा. छातीत दुखलं किंवा अंधारी आली तर तिथेच थांबायचं, फेरी पुरी करायची नाही. हे जोडीदारणीलाही माहीत असू द्या.

दिवाळीत आणि लग्नसराईत गट विस्कळीत होतोच. त्या दिवसांत चालण्यावरून कुणाला बोलू नका, मंडीची फेरी मात्र चुकवू नका. भाऊबीज झाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी नवी मेथी आणि मटार आलेले असतात. ज्यांची पाळी असेल त्यांनी शनिवारी रात्री याद्या मागवायच्या, आणि सोमवारी सहाला दारं वाजवायला सुरुवात करायची.