अपूर्णांकी अवकल समीकरणे संगणकावर सोडवताना या चुका टाळा

सर्वाधिक आढळणारी चूक प्रोग्राममध्ये नसून चाचणीच्या उदाहरणात असते. कॅपुटो अवकलजासाठी (अपूर्णांकी क्रमाच्या अवकलजाची एक व्याख्या; हा क्रम म्हणजे अल्फा, येथे ० ते १ दरम्यान) एल-१ पद्धत (लगतच्या बिंदूंमध्ये उत्तर सरळ रेषेसारखे धरणारी) घ्यायची, उत्तर म्हणून काळाचा घन गृहीत धरून उजवी बाजू बेतायची आणि अभिसरणाचा दर, म्हणजे त्रुटी पायरीच्या कितव्या घाताप्रमाणे घटते तो आकडा, 'दोन वजा अल्फा' आला की काम संपले असे मानायचे, ही रीत फार रुळली आहे. एका संशोधक विद्यार्थ्याने असाच देखणा तक्ता माझ्यापुढे ठेवला, अल्फा ०.५ होता आणि पायरी निम्मी केली की त्रुटी सुमारे २.८ पटींनी घटत होती. मी त्याला उजव्या बाजूला केवळ उणे यू आणि आरंभीची किंमत १ घ्यायला सांगितली, तेव्हा सर्वांत मोठी त्रुटी जेमतेम १.४ पटींनी घटू लागली, आणि मग तो भारांच्या (आधीच्या क्षणांच्या किमतींना लावायच्या गुणकांच्या) सूत्रात नसलेली चूक शोधत बसला. सूत्र बरोबरच होते. अशा समीकरणाचे उत्तर शून्यापाशी काळाच्या अल्फा घातासारखे वागते आणि तेथे त्याचा पहिला अवकलजही अमर्याद होतो, तर तो पुस्तकी दर दुसरा अवकलज मर्यादित असल्याच्या गृहीतकावर उभा आहे.

मी स्वतः समान अंतराची जाळी वापरतच नाही. बिंदूचा क्रमांक भागिले एकूण पायऱ्या, या गुणोत्तराचा 'दोन वजा अल्फा, भागिले अल्फा' इतका घात घेऊन बिंदू शून्यापाशी दाट करतो, अल्फा ०.५ असताना हा घात ३ येतो आणि हरवलेला दर परत मिळतो. मात्र अल्फा ०.१ असेल तर घात १९ होतो, शंभर पायऱ्यांत पहिली पायरी दहाच्या उणे ३८ व्या घाताइतकी सूक्ष्म होते आणि भारांतील वजाबाकीत अंक गळतात. तेथे सौम्य घातावर समाधान मानावे. त्रुटी फक्त शेवटच्या क्षणी मोजू नये, कारण समान जाळीवरही तेथे दर १ दिसतो आणि दुखणे झाकले जाते.

अपूर्णांकी अवकलज आधीच्या सगळ्या किमतींवर अवलंबून असतो; हा जुना इतिहास कापून वेळ वाचवण्याचा मोह उतावळ्यांना हमखास होतो. स्मृतीचा भार घातांकी वेगाने नव्हे, तर काळाच्या घाताप्रमाणे सावकाश विरतो, म्हणून कापलेली शेपटी दीर्घ गणनेत अंगावर येते. वेग हवाच असेल तर त्या भाराला घातांकी फलांच्या बेरजेने जवळ करावे.

मिटाग-लेफ्लर फल (वरच्या उणे यू समीकरणाचे उत्तर याच फलाने मिळते) मोठ्या ऋण किमतीला श्रेणीने काढू नये: अल्फा ०.५ आणि किंमत उणे १० असताना पदे दहाच्या ४२ व्या घातापर्यंत चढतात आणि उत्तर असते सुमारे ०.०५६.

ग्रुनवाल्ड भार (अपूर्णांकी अवकलज काढण्याच्या दुसऱ्या एका रीतीचे गुणक) गॅमा फलाने (क्रमगुणिताच्या विस्ताराने) नव्हे, आधीच्या भारावरून काढावेत. दुहेरी अचूकतेत (संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या दशांश संख्येत) १७२ चे गॅमाच मावत नाही. अवकाशातील १ ते २ दरम्यानच्या क्रमाच्या अवकलजाला हेच भार एक घर सरकवून लावावेत, अन्यथा कालपायरी कितीही लहान केली तरी गणना अस्थिरच राहते.