ढग आला की सहा क्लिक

पहिल्या हिवाळ्यात मी किनाऱ्यावरून आणलेल्या कुरव पक्ष्यांच्या फोटोंत पक्षी नव्हतेच, पक्ष्यांच्या आकाराची पांढरी भोकं होती. पंखांवरची एक रेघ शिल्लक नव्हती. लेन्सच हलक्या दर्जाची आहे, अशी मी मनाची समजूत घातली. (नवशिक्याला हे उत्तर फार आवडतं.) खरं कारण वेगळंच होतं. मागे काळंशार पाणी, फ्रेममध्ये पांढरा तेवढा पक्षी. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बिचारा समोरचं सगळं मध्यम करडं करू बघतो. त्याने पाणी उजळलं आणि पक्षी जळाला. तोच पक्षी पांढुरक्या आकाशावर गेला की उलट काळवंडायचा. ऊन दोन्ही वेळा तेच!

तेव्हापासून उडत्या पक्ष्यांसाठी मी मॅन्युअल मोड वापरतो, म्हणजे आकडे कॅमेरा नाही, मी ठरवतो. ऑटो आयएसओही (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपोआप बदलणं) बंद, नाहीतर मॅन्युअल नावापुरतंच उरतं. पोचल्यावर सूर्य पाठीशी घेतो आणि समोर बसलेल्या एखाद्या पांढऱ्या पक्ष्याचा फोटो काढतो. पक्षी नसेल तर लाटेचा फेस. जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो, तो लुकलुकायचा थांबेपर्यंत शटरचा वेग वाढवत जातो. तिरप्या स्वच्छ उन्हात आयएसओ ८००, लेन्सचं छिद्र एफ/६.३ आणि शटर १/२५०० सेकंदाच्या आसपास गाडी थांबते. हा झाला त्या सकाळचा उन्हाचा आकडा. आता पक्षी पाण्यावर असो की आकाशात, आकड्याला हात लावायचा नाही.

ढग आला की मात्र लावायचा. सूर्य झाकला गेला की साधारण दोन स्टॉप उजेड जातो, दाट ढग असेल तर तीन. (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा झाला.) बहुतेक कॅमेऱ्यांत तीन क्लिकचा एक स्टॉप होतो. म्हणून आयएसओच्या चाकाचे सहा क्लिक: ८०० वरून थेट ३२००. शटर तसंच राहतं, पंख गोठलेले राहतात. हे क्लिक डोळा व्ह्यूफाइंडरला लावूनच बोटाने मोजायची सवय करा. खाली मान घालून आकडे बघेपर्यंत पक्षी गेलेला असतो. समुद्राचा एक फायदाही आहे. पाण्यावरून सरकत येणारी ढगाची सावली दुरून दिसते, त्यामुळे ती पोचायच्या आत बोट चाकावर नेता येतं. फुटक्या ढगांची सकाळ असेल आणि ऊन दर अर्ध्या मिनिटाला ये-जा करत असेल, तर मी हट्ट सोडतो. तेव्हा ऑटो लावून, पांढरा पक्षी काळ्या पाण्यावर असेल तर कॉम्पेन्सेशन उणे एक, म्हणजे मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप काळोखा फोटो. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात ऊन चढतच असतं, तेव्हा दर पाचेक मिनिटांनी आकडा पुन्हा तपासा.

एवढं जमलं तरी तुतवार आणि चिखल्या हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी ओहोटीला दूर चिखलात ठिपक्याएवढे असतात. त्यांच्या मागे चालत जाणं हा माझा दुसरा मूर्खपणा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. त्यामुळे सकाळचं ऊन आणि चढतं पाणी यांची गाठ काही दिवस पडते, मग साधारण पंधरवड्याने पुन्हा. ते दिवस आधीच शोधून ठेवायचे. भरतीच्या दोन तास आधी सूर्य पाठीशी घेऊन वाळूवर पालथं पडायचं आणि गप्प राहायचं. पाणीच पक्ष्यांना तुमच्याकडे सरकवत आणतं. चोचीने टिपणं थांबवून सगळ्या पक्ष्यांनी माना वर केल्या, की तुम्ही जास्त जवळ आहात. तिथेच थांबा, नाहीतर मागे सरका. पूर्ण भरतीला उरलेल्या पट्टीवर विसावलेल्या थव्याला तर मुळीच उठवू नका. थंडीत आणि स्थलांतराच्या तोंडावर साठवलेली चरबी त्यांना असल्या उड्डाणात घालवणं परवडत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, कारण गारठ्यात ती लवकर बसते. खाऱ्या तुषारांवर कोरडं फडकं घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं फिरवा. थंड कॅमेरा उबदार खोलीत उघडला तर लेन्सवर दव धरतं, म्हणून बाहेरच घट्ट पिशवीत घालून आत न्यायचा आणि तासभर तसाच ठेवायचा. तो तासभर माझ्याने काढवत नाही. मी पिशवी बंद करायच्या आधीच कार्ड काढून खिशात टाकतो.