फास्ट म्हणजे दर वेळी ‘वेगवान’ नव्हे

इंग्रजीतला साधा शब्द भलत्याच जागी येतो आणि पाठ केलेला अर्थ तिथे बसतच नाही. नववीतल्या भाचीचं असंच झालं. सोलापूरच्या चाटी गल्लीतून आणलेल्या चादरीच्या लेबलवर ‘फास्ट कलर’ लिहिलं होतं. तिने अर्थ लावला, लवकर जाणारा रंग. अगदी उलट! इथे फास्ट म्हणजे पक्का, धुऊनही न जाणारा.

तेव्हापासून तिच्या वहीत आम्ही असं करतो:

१. शब्द एकटा लिहायचा नाही, शेजारच्या शब्दासकट जोडी लिहायची.

२. जोडीसमोर आपल्या बोलण्यातला मराठी शब्द लिहायचा. फास्ट ट्रेन: जलद गाडी. फास्ट कलर: पक्का रंग. फास्ट अस्लीप: गाढ झोपेत. स्टक फास्ट: घट्ट रुतलेलं. एकादशीला आई धरते तो फास्ट: उपास. ब्रेकफास्टसुद्धा यातलाच, रात्रभराचा उपास मोडणं. हे कळल्यावर भाची तो अर्थ पुन्हा कधी विसरली नाही.

३. समानार्थी शब्द त्या मराठी शब्दाखाली लिहायचे. ‘जलद’खाली क्विक, रॅपिड, स्विफ्ट, ‘घट्ट’खाली फर्म, टाइट.

एका बैठकीत एकच शब्द घ्या. चार घेतले की सगळी खिचडी होते.

फक्त एक सांभाळा: समानार्थी शब्द डोळे झाकून बदलू नका. चादरीचा रंग ‘क्विक’ लिहिला तर काहीच अर्थ लागणार नाही. नवी जोडी वापरण्याआधी शब्दकोशातलं उदाहरणाचं वाक्य एकदा वाचाच.